मांडवातला प्रेक्षक

लग्न ठरलेल्या पोराला अमरावतीत दोन प्रश्न विचारतात : तारीख कोणती आणि कार्यालय कोणतं. मला मोठ्या बाबांनी तिसराच विचारला, "त्या दिवशी मॅच तर नाही ना?" त्यांचंही बरोबर आहे. घरातल्या सगळ्या मुंजी, बारशी आणि वास्तुपूजनांच्या अल्बममध्ये मी आहे, पण एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

मी विदर्भाच्या टीमचा चाहता. भारताचा चाहता कोणीही होतो, त्याला काही लागत नाही. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतोय आणि पहिला करंडक हाती आला २०१७-१८ च्या हंगामात. मधल्या साठ वर्षांत आमच्या टीमकडून कोणी काही मागितलं नाही आणि टीमनेही कोणाला निराश केलं नाही. अशा टीमच्या मागे लागलेल्या माणसाचं लग्न ठरलं आहे, ४ डिसेंबरला, अकोल्यात. मार्चपासून तयारी सुरू आहे. तिच्यात जे कळलं ते लिहून ठेवतो. कोणाच्या कामी पडलं तर पडलं.

१. बायोडाटात 'छंद : क्रिकेट' लिहिलं, तर पुढचा प्रश्न येणारच.

अकोल्याच्या जठारपेठेतलं मुलीचं घर. पोहे झाले, चहा झाला, कोणाचा कोण लागतो याची उजळणी झाली आणि मोठ्या माणसांनी आम्हाला "जा, गच्चीवर बोला" म्हणून वर पाठवलं. गच्चीवर वड्या वाळत घातल्या होत्या, त्यामुळे उभं राहायला जागा थोडी. तिने सरळ विचारलं, "क्रिकेट लिहिलंय. बॅटिंग करता का बॉलिंग?"

"पाहतो."

"म्हणजे खेळत नाही?"

"नाही. पाहतो."

ती एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. अमरावती विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली. गुडघ्यावरचे व्रण तिने काही दाखवले नाहीत, पण बोलण्यात ते होतेच. सरावाच्या निमित्ताने अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तिच्या कितीतरी चकरा झालेल्या. ते मंडळ माझ्या घरापासून सायकलने जाण्याइतकं, आणि मी तिथे गेलो असेन ते मुख्यतः लग्नांना आणि प्रदर्शनांना. वैद्य बंधूंनी ते १९१४ मध्ये सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पोरांनी जर्मनीत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, हे मला शाळेत पाठ होतं. तिला त्यातल्या कोणत्या मैदानाची माती पावसाळ्यात कशी होते, हे माहीत होतं.

"पाच-पाच दिवस एका जागी बसून पाहता?" तिने विचारलं.

"हो."

"मधात उठत नाही?"

"जेवायला उठतो."

ती हसली नाही, पण मान हलवली. चार दिवसांनी होकार आला. होकाराचं कारण पुढे तिच्या आईकडून कळलं : "पोरगा शांत आहे. एका जागी बसून रायते."

२. साक्षगंधाचा रविवार ठरवताना रणजीचं वेळापत्रक पाहावं, पण ते पाहिल्याचं कोणाला सांगू नये.

पाहिलं होतं. २६ फेब्रुवारी ते २ मार्च, नागपूरजवळ जामठ्याला फायनल. केरळविरुद्ध. मी अत्यंत साळसूदपणे म्हणालो, "९ मार्च बरा वाटतो." मामांनी पंचांग उघडलं, होळाष्टक लागतं म्हणाले आणि २ मार्चवर बोट ठेवलं. विषय संपला. आमच्या घरात मामांनी बोट ठेवलं की ते उचलायला कोणी जात नाही.

तर रविवारी फायनलचा पाचवा दिवस आणि मी अकोल्यात पाटावर. आदल्या दिवशी करुण नायरने शतक ठोकून नऊ बोटं दाखवली होती, त्या मोसमातलं नववं शतक म्हणून. पहिल्या डावात दानिश मालेवारच्या १५३ धावा झाल्या होत्या, हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रमच मोडला होता. पहिल्या डावात आपले ३७९, त्यांचे ३४२. आघाडी ३७ ची. फायनल बरोबरीत सुटली तरी करंडक आपला. म्हणजे जीव टांगणीला लागावा असं काही उरलं नव्हतं, पण चाहत्याच्या जिवाला टांगून राहायची सवय असते.

मामेभावाला फोटोग्राफरच्या मागे उभं केलं होतं. पडलेल्या विकेटा बोटांवर दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. गुरुजी मंत्र म्हणत होते, समोर साडी-नारळाची ताटं, ओटी चाललेली, आणि मामेभाऊ हाताची पाच आणि दोन अशी बोटं वर करून उभा. तिच्या मावशीला वाटलं तो सातजण जेवायचे राहिलेत म्हणून सांगतोय. त्यांनी लगेच आत जाऊन सात पानं मांडायला लावली.

पंगतीत बातमी आली. दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं, दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले, विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता. मी वरणात हात तसाच ठेवून सगळ्यांना सांगितलं. तिच्या काकांना ते काही पटेना.

"मॅच बरोबरीत सुटली म्हणता, मंग कप कसा काय भेटला?"

मी पहिल्या डावाच्या आघाडीचा नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ठरलं होतं ते आधीच. बाकी नुसतं निपटवून रायले होते."

सगळी पंगत एकमेकांकडे पाहायला लागली. कारण त्या दिवशी अंगणात जे चाललं होतं तेही तेच होतं.

तिची आजी मात्र खरी जाणकार निघाली. आदित्य सरवटे हा विदर्भाचा डावखुरा फिरकीवाला, २०१८-१९ च्या फायनलमध्ये सौराष्ट्रविरुद्ध ११ बळी घेणारा. या मोसमात तो केरळकडून खेळत होता आणि फायनलमध्ये आपल्याविरुद्ध ७९ धावा करून बसला. मी हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "हाव का? पोट्टा सासरी गेला अन् माहेरच्याइलेच नडून रायला!" मग नातीकडे वळून, "पाय बरं, शिक जरा."

३. सासरच्या गावाशी वाद घालायचा तर स्वतःच्या गावाचा खेळाडू पक्का असावा.

अमरावती आणि अकोला यांच्यात अंतर शंभरेक किलोमीटर, त्यात मूर्तिजापूर, आणि बाकी सगळी जागा अभिमानाने भरलेली. त्यांच्याकडे कापूस बाजार, आमच्याकडे अंबादेवी. त्यांच्याकडे राजराजेश्वर आणि श्रावणातली कावड, आमच्याकडे गिला वडा. गिला वड्यावर अकोलेकर काय बोलतात ते इथे लिहीत नाही, लग्न अजून व्हायचं आहे.

क्रिकेटात त्यांचा हात भक्कम. अथर्व तायडे अकोल्याचा. आदित्य ठाकरे अकोल्याचा. हा गोलंदाज, नावावर जाऊ नका. त्याचं रणजी पदार्पण थेट फायनलमध्ये झालं, इंदूरला, २९ डिसेंबर २०१७ ला. त्याच सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि विदर्भाने पहिला करंडक उचलला. म्हणजे आम्ही साठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते या पोराला पहिल्याच सामन्यात मिळालं. माझे होणारे मेहुणे ही गोष्ट अशी सांगतात, जणू आदित्यला आदल्या रात्री त्यांनीच इंदूरला सोडून दिलं होतं.

माझ्याकडे एकच पत्ता, जितेश शर्मा. अमरावतीचा यष्टिरक्षक, भारताच्या टी-ट्वेंटी संघात पोचलेला. तो पत्ता मी उन्हाळाभर वापरला. आणि मग बातमी आली की येत्या मोसमात जितेश बडोद्याकडून खेळणार.

सासरे फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "तुमचा माणूस तर बडोद्याले गेला म्हणते."

ते बोलतात कमी, पण नेमकं. आमच्या दोन गावांमधल्या रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग टाकला गेला, १०५ तास ३३ मिनिटांत, लोणी ते मानापर्यंत. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला. सासरे त्या काळात रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन काम पाहायला जात. त्यांनाही पाहण्याचा नाद आहे, हे मला ते ऐकून कळलं आणि बरं वाटलं. ऑक्टोबरात आमच्याकडून पत्रिकेचा मजकूर जाईना, कोणत्या काकांचं नाव वर आणि कोणाचं खाली यावर मामांची बैठक सुरू होती. तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यात साऱ्या रस्त्याचं डांबर झालं होतं भाऊ. तुमच्या मामाचा एक कागद होऊन नाई रायला."

४. जागा बदलायची नाही, हा नियम सासरीही लागू आहे. त्याचे अर्थ मात्र तिथे वेगळे लागतात.

३ जूनला आम्ही अकोल्यात लॉन पाहायला गेलो होतो आणि रात्री तिच्याकडेच थांबलो. त्या दिवशी आयपीएलची फायनल. खरं तर ती २५ मेला व्हायची, पण मे महिन्यात सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली आणि फायनल सरकत सरकत ३ जूनवर आली. बेंगळुरू विरुद्ध पंजाब. बेंगळुरूला अठरा वर्षांत एकदाही करंडक नाही आणि आता त्यांच्याकडे आमचा जितेश. आठवड्याआधी लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून २२८ चं लक्ष्य गाठून दिलं होतं. त्या रात्री अमरावतीच्या राजकमल चौकात मी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो होतो.

अकोल्याचा जून ज्याने काढला नाही त्याला कूलरची किंमत कळणार नाही. हॉलमध्ये एकच मोठा कूलर, वाळ्याची ताटी लावलेला, आणि त्याच्या समोरची खुर्ची होणाऱ्या जावयासाठी राखलेली. पण जितेश आला तेव्हा मी पाणी प्यायला उठलो होतो आणि दाराशी स्टुलावर टेकलो होतो. त्याने पहिला षटकार मारला. आता उठायचं कसं? कूलरचा झोत माझ्या डाव्या बाजूने आजींच्या पायावर जात होता. माझ्या कानामागून घामाची धार सुटलेली, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सासूबाई तिसऱ्यांदा म्हणत होत्या, "लाजू नका बापा, इकडे बसा ना हवेत."

"इथेच बरा आहे."

"किती संकोच करते पोरगा!" त्या शेजारणीला म्हणाल्या.

मला लाजाळू म्हणून अकोल्यात जी ख्याती मिळाली ती त्या रात्रीची. जितेशने १० चेंडूंत २४ केल्या. बेंगळुरूच्या १९० झाल्या, पंजाबच्या १८४. सहा धावांचा सामना, आणि मी स्टूल सोडलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला नको. तिला मात्र कारण कळलं होतं. ती पोळ्यांची परात घेऊन जाताना हळूच म्हणाली, "खेळाडूने घाम गाळायचा का पाहणाऱ्याने?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेंगळुरूच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, ११ जण गेले. जल्लोषाला आलेले, माझ्यासारखेच पाहणारे. आमच्या ग्रुपवर रात्रभर नाचणारे व्हिडिओ येत होते ते बंद झाले. मेहुण्याने फोन करून विचारलं, "भाऊजी, तुम्ही गर्दीत जाता ना जामठ्याले?" मी म्हटलं, जातो. पुढे आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही.

५. बस्त्याला पुरुषांना गादी आणि चहा मिळतो. मत मिळत नाही.

बस्ता बांधायला दसऱ्याच्या सुमारास गेलो. कापडाच्या मोठ्या दुकानात गादीवर पांढरी चादर, तिच्यावर साड्यांचा डोंगर, चहूबाजूंनी आत्या, काकू, मोठी आई. दुकानदार साडी उलगडतो, बाया काठ चिमटीत धरतात, उलटा करून पाहतात, "याच्यात दुसरा कलर?" विचारतात आणि ती साडी बाजूला जाते. सात-आठ साड्यांनंतर पहिलीच परत येते. मानाच्या, देण्याघेण्याच्या आणि रोजच्या वापराच्या असे तीन ढिगारे. कोणती कोणत्या ढिगाऱ्यात जाईल याचे नियम आईला पाठ आहेत आणि ते कुठे छापलेले नाहीत.

मी एका टोकाला भिंतीला टेकून बसलो होतो. जामठ्याला इराणी करंडक सुरू होता, विदर्भ विरुद्ध शेष भारत. मोबाइल मांडीवर. अथर्व तायडे खेळत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. १४३ केल्या त्याने. सामना शेवटी विदर्भाने ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीर अथर्व. अकोल्याचा, हे मला फोनवरून तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी कळवलं.

दुपारी कधीतरी माझ्या अंगावर शेरवानी चढवली गेली. रंग मोतिया का बदामी, यावर दोन गट पडले. मी आरशात पाहिलं, दोन्ही सारखेच दिसत होते. तोंड उघडलं तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "तू उभा राय फक्त."

मी उभा राहिलो. इथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. आपल्या लग्नात नवरदेव खेळत नसतो. तो चांगल्या जागी बसलेला प्रेक्षक असतो. सगळं त्याच्या नावाने चालतं, आवाज त्याने कितीही केला तरी निकाल बदलत नाही. माझे मित्र याच कारणाने लग्नाच्या तयारीत वैतागलेले मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं आपल्याला विचारावं. मला वर्षानुवर्षं जामठ्याच्या स्टँडमधून "स्लिप लाव रे" ओरडायची सवय आहे. लावत नाहीत. घरी येऊन जेवतो.

मोतिया ठरली.

६. गडगनेर सुरू व्हायच्या आधी शेरवानीचं माप देऊ नये.

एवढंच. ज्यांना रोज एका घरी वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि आग्रह झालाय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. शिंप्याने बगलेत दोन बोटं सोडली आहेत आणि आणखी सोडायला कापड नाही म्हणाला.

७. तुळशीचं लग्न आधी, माणसांचं मागून. आणि त्या दिवशी टीव्ही कोणाच्या हाती आहे ते पाहावं.

२ नोव्हेंबर, रविवार. तिच्याकडे तुळशीच्या लग्नाचं जेवण होतं, आम्हा सगळ्यांना आमंत्रण. त्याच दिवशी नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल. दुपारी तीनचा सामना पावसामुळे पाचला सुरू झाला, त्यामुळे उसाचा मांडव, चिंचा-बोरं, आवळे आणि स्मृती मानधना हे सगळं एकाच वेळी.

घरात तिच्या खो-खोच्या जुन्या मैत्रिणी जमल्या होत्या. आता कोणी पोलिसात, कोणी शिक्षिका, एकीच्या कडेवर पोर. सामना पाहण्याची त्यांची पद्धत माझ्या ओळखीची नव्हती. मी धावफलक पाहतो. त्या पाय पाहत होत्या. शफाली वर्मा धावायला वळली की त्यातली एक म्हणायची, "डाव्यावर भार आहे तिचा." क्षेत्ररक्षकाने सूर मारला की सगळ्या एकदम "हुं" करायच्या, स्वतःच पडल्यासारख्या. शफालीच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८, भारत ७ बाद २९८. तेवढ्यात बाहेरून गुरुजींचा आवाज, "अंतरपाट धरा." आम्ही सगळे अंगणात. मंगलाष्टकं झाली, तुळशीवर अक्षता पडल्या, आणि शेवटच्या "सावधान"ला निम्म्या बाया आत पळाल्या.

दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ड शतक करून टिकली होती तोवर मी कोपऱ्यात ताठ बसून होतो. पाय आखडला तरी हललो नाही. तिने पाहिलं, उशी आणून पाठीशी ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही हलला तरी दीप्तीला फरक पडत नाही. ती कोणाकडे पाहून टाकत नाही." आणि खरोखर, मी उशी नीट करायला वाकलो त्याच षटकात वोल्वार्ड गेली. १०१ वर. अमनजोतने झेल दोनदा हातातून उडवला, तिसऱ्यांदा धरला. दीप्तीने पाच बळी घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विश्वचषक.

त्या पोलिसातल्या मैत्रिणीने कडेवरचं दुसरीचं पोर घेऊन अंगणात फेर धरला. आमची नवरी मात्र टीव्हीसमोरून हलली नाही. पडद्यावर प्रशिक्षक अमोल मुझुमदार दिसत होते, डोळे पुसताना. मला बोलायची संधी मिळाली. १९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पॅड बांधून पुढच्या नंबरवर बसलेला पोरगा हा. नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणात २६० केल्या, मुंबईसाठी धावांचे ढीग घातले आणि भारताकडून एकही सामना मिळाला नाही.

ती ऐकत होती. म्हणाली, "हे तुम्हाला सगळं पाठ आहे?"

"हो."

"मग माझ्या शाळेच्या पोरींना सांगायला याल का एखाद्या दिवशी? ज्या राखीव बसतात त्यांना."

आजवर माझ्या या ज्ञानाचा कोणाला उपयोग झाला नव्हता. मी हो म्हटलं. मागून आईचा आवाज आला, "आधी लग्न होऊ दे बापा, मंग भाषणं."

८. पाहुण्यांची यादी कधीच पूर्ण होत नाही, ती कधीतरी थांबवावी लागते.

यादी मामांकडे आहे. यादीत कोण आहे हे मला सांगितलेलं नाही. जामठ्याला नेहमी माझ्या मागच्या रांगेत बसणारे एक काका आहेत, नाव ठाऊक नाही, फक्त "यवतमाळवाले" म्हणून ओळख. त्यांना बोलवायचं होतं. मामा म्हणाले, "आडनाव सांग, पत्रिकेवर काय लिहू?" मी सुचवलेलं काही त्यांनी लिहिलं नाही. रणजीच्या पुढच्या सामन्याला पत्रिका हातात देईन म्हणतो, पण तोवर लग्न होऊन गेलेलं असेल.

९. गुरुवारचं लग्न असेल तर आचाऱ्याला आधी सांगावं.

४ डिसेंबर मामांनीच काढला. पुढे शुक्राचा अस्त येतो म्हणून घाई. तारीख ठरली, लॉन ठरलं, बँड ठरला, आणि मग नोव्हेंबरात आत्यांच्या लक्षात आलं की तो मार्गशीर्षातला गुरुवार आहे. वर दत्तजयंती. म्हणजे दोन्हीकडच्या निम्म्या बायांना उपास. पंगतीत बुंदी, आलूभात आणि पुऱ्या फिरणार आणि सगळ्या आत्या-मावश्या समोर रिकामं ताट घेऊन बसणार, हे चित्र आईला सहन होईना. पंचांगावर बोट ठेवणाऱ्या मामांना पहिल्यांदाच कोणीतरी जाब विचारला. ते म्हणाले, मुहूर्त पाहिला, वार नाही पाहिला.

शेवटी सासऱ्यांनी आचाऱ्याला साबुदाण्याची उसळ, भगर आणि शेंगदाण्याची आमटी वेगळ्या काउंटरवर लावायला सांगितलं आहे. आता भीती अशी की उपास नसलेलेही तिकडेच जातील, कारण अकोल्याची उसळ चांगली असते. हे मी म्हटलेलं अमरावतीत कोणी वाचू नये.

वेळेवरूनही थोडा वाद झाला. परवा गुवाहाटीची कसोटी संपली. तिकडे सूर्य लवकर मावळतो म्हणून आधी चहाची सुट्टी आणि नंतर जेवणाची, असा क्रम होता. आपण ४०८ धावांनी हरलो ते वेगळं. आमच्याकडचे पाहुणे अमरावतीहून सकाळी निघणार, लग्न दुपारी, म्हणून सासऱ्यांनी हाच क्रम सुचवला : पोचल्यावर भरपेट चहा-नाश्ता, लग्न लागलं की जेवण. सगळ्यांना पटलं. गुवाहाटीहून त्या आठवड्यात कोणाला काही बरं मिळालं असेल तर ते आम्हालाच.

राहिली हळद. ती आमच्याकडे ३ डिसेंबरला. त्याच दिवशी रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दुसरा एकदिवसीय सामना, दुपारी दीड वाजता. मी या वेळी तोंडातून अक्षर काढलेलं नाही. हल्ली सगळ्यांकडे हळद संध्याकाळी असते, डीजे लावून, पिवळे कुर्ते घालून; मित्रांचीही तीच मागणी होती. काल आईने सगळ्यांना सांगून टाकलं की आपल्याकडे हळद सकाळी दहाला, जुन्या पद्धतीने. मित्र नाराज झाले. मोठ्या बाबांनी कारण विचारलं, तर ती म्हणाली, संध्याकाळी थंडी पडते, पोराले सर्दी होईल.

रात्री मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती डबे पुसत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एक वाजेलोक आंघोळ झाली पायजे तुयी. मंग तुले कोणी आवाज देणार नाई."